लोण्याचा पिवळा, क्रोमचा पिवळा: व्हिन्सेंटच्या एका पत्राचा अभ्यास

ऑक्टोबर १८८८ मध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉगने एकाच खोलीबद्दल लागोपाठ दोन पत्रं लिहिली. पहिलं १६ तारखेचं, पॅरिसला राहणाऱ्या धाकट्या भावाला, थिओला. दुसरं १७ तारखेच्या सुमाराचं, चित्रकार पॉल गोगँला. खोली व्हिन्सेंटची स्वतःचीच, झोपायची. दोन्ही पत्रांत तिचं शाईतलं रेखाटन आहे आणि दोन्हींत वस्तूंचे रंग एकेक करून सांगितलेत. थिओचं पत्र आज ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे, तर गोगँचं न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावाहून लिहिताना व्हिन्सेंट पत्रावर तारीख क्वचितच घालायचा, त्यामुळे या तारखा अभ्यासकांनी मजकुरावरून लावलेल्या आहेत.

कलावंताच्या पत्रांबद्दल आपण बहुतेकदा भारावून बोलतो. किती हृद्य, किती उत्कट, आणि बोलणं तिथेच थांबतं. ती उत्कटता कागदावर नेमकी कुठे उतरली आहे, हे मला एका पत्रात शोधायचं आहे. मुख्य पत्र थिओला लिहिलेलं. गोगँचं सोबत ठेवलं आहे ते ताडून पाहण्यासाठी, कारण एकाच गोष्टीबद्दल एकाच माणसाने दोघांना लागोपाठ लिहिलेलं असं सहसा हाती लागत नाही.

आधी परिस्थिती. व्हिन्सेंट फेब्रुवारी १८८८ मध्ये पॅरिस सोडून दक्षिणेला आर्लला आला. मे महिन्यात त्याने प्लास लामार्तीन चौकातल्या पिवळ्या घराचा एक भाग भाड्याने घेतला. झोपायला मात्र तो तिथे सप्टेंबरच्या मध्यापासून जाऊ लागला. गोगँ येऊन आपल्यासोबत राहील, दोघं मिळून चित्रं काढतील, हळूहळू आणखी चित्रकार येतील, असा बेत होता. गोगँने २० तारखेच्या आसपास यायचं कबूल केलं होतं (प्रत्यक्षात तो २३ ऑक्टोबरला पोचला). त्याच्यासाठी घर सजवायचं म्हणून व्हिन्सेंटने त्या आठवड्यांत कॅनव्हासमागून कॅनव्हास रंगवले. इतके, की डोळे दुखायला लागले आणि अडीच दिवस सक्तीने विश्रांती घ्यावी लागली. गोगँच्या पत्रात तो लिहितो की बाहेर उघड्यावर जाऊन काम करायचा धीर अजून होत नव्हता, म्हणून घरातच आपल्या खोलीचं चित्र करायला घेतलं. थिओला त्याने दिलेलं कारण जास्त आवेशाचं आहे. या सक्तीच्या विश्रांतीचा सूड म्हणून हे चित्र, असं तो लिहितो.

आता अक्षर. ज्या अर्थाने आपण 'सुंदर अक्षर' म्हणतो, त्या अर्थाने हे अक्षर सुंदर नाही. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनावर अख्खा समास लिहिला आहे, आणि त्यात अक्षरं वाटोळी, सरळ, मोकळी असावीत, ओळी मोत्यांच्या माळांसारख्या चालाव्यात अशी अपेक्षा आहे. आपल्याकडे सुलेखनाचा आदर्श तोच राहिला: पहिलं पान आणि शेवटचं पान एका हाताचं वाटावं, वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचा थकवा दिसू नये. ग्रंथाची नक्कल करणाऱ्यासाठी हा आदर्श अगदी योग्य आहे. व्हिन्सेंटचं पत्र दुसऱ्या जातीचं लेखन आहे. अक्षर भरभर लिहिलेलं, उजवीकडे झुकलेलं. विरामचिन्हांची फारशी पर्वा नाही, आणि जो शब्द ऐकू जायलाच हवा त्याच्याखाली रेघ. कच्चं लिहून मग पक्कं उतरवून काढल्याची कळा या पानांना नाही. विचार जसा आला तसा कागदावर उतरला, आणि तसाच टपालात पडला.

अशा अक्षरावरून लोक लगेच त्याचं मन वाचायला लागतात. अक्षर असं झुकलंय म्हणजे मन अस्वस्थ, ओळ अशी चढलीय म्हणजे येऊ घातलेल्या आजाराची खूण, वगैरे. दोन महिन्यांनी, २३ डिसेंबरला, त्याने स्वतःचा कान कापला ती घटना घडली हे आपल्याला माहीत असतं, म्हणून ती आपल्याला ऑक्टोबरच्या पत्रातही दिसू लागते. मला ही पद्धत अजिबात मान्य नाही. पत्राचा मजकूर बघा: एक माणूस थकलेला आहे, कामावर परत आल्याने खुशीत आहे, आणि उद्या पहाटेच्या ताज्या उजेडात चित्र पुरं करायच्या घाईत आहे. तसं तो स्वतःच लिहितो, पत्र आखूड का, याचं कारण म्हणून. यापलीकडचं निदान अक्षरावर लादायची गरज नाही.

सौंदर्य मला दिसतं ते अक्षर आणि रेखाटन यांच्या नात्यात. दोन्ही एकाच हाताचं, एकाच बैठकीतलं, एकाच शाईचं. त्या काळच्या लिहिण्याच्या बहुतेक शाया मायफळ आणि हिराकस यांपासून बनत. लिहिताना त्या काळ्या असत, वर्षं गेली की तपकिरी होत. व्हिन्सेंटची पत्रंही आज तपकिरी दिसतात, आणि रेखाटनं त्याच तपकिरी रंगात. म्हणजे पत्राचा मजकूर आणि 'चित्र' असे दोन वेगळे प्रदेश त्या कागदावर नाहीतच. पलंगाच्या जाड फळ्या, जमिनीच्या खिडकीकडे निमुळत्या होत जाणाऱ्या रेघा, दोन खुर्च्या, भिंतीवर टांगलेल्या तसबिरी हे सगळं ज्या वेगाने लिहिलं जातं त्याच वेगाने काढलेलं आहे. रेघ पक्की आहे, सुबक करायचा प्रयत्न नाही. पलंग कागदाची उजवी बाजू व्यापून बसलाय, आणि त्याचा जडपणा रेषेतच आहे. फर्निचरच्या भरभक्कमपणातून अढळ विश्रांती व्यक्त व्हायला हवी, असं तो पत्रात लिहितो. ते वाक्य वाचून पुन्हा रेखाटनाकडे बघितलं की त्या जाड फळ्या तशा का आहेत ते कळतं. दोन महिने आधी असं रेखाटन त्याने बोरूने केलं असतं तर कदाचित नुसतं बघत राहावंसं वाटलं असतं. इथे ते वाचावं लागतं.

रेखाटनाला जे जमत नाही ते शब्द करतात. शाई एकाच रंगाची, आणि या चित्राचा सगळा खेळ रंगाचा आहे. रंगानेच इथे काम करायचं आहे, विश्रांती किंवा झोप सुचवायची आहे, असं तो सांगतो. मग रंग सांगू लागतो. भिंती फिक्या जांभळ्या आहेत. जमीन लाल फरश्यांची आहे. पलंगाचं लाकूड आणि खुर्च्या ताज्या लोण्यासारख्या पिवळ्या आहेत. चादर आणि उश्या अगदी फिक्या लिंबासारख्या हिरवट. पांघरूण लालभडक. खिडकी हिरवी. तोंड धुवायचं मेज नारिंगी, घंगाळ निळं. दारं फिकट जांभळी. आणि बस्स, एवढंच. बंद झडपांच्या या खोलीत दुसरं काही नाही.

मूळ फ्रेंच मजकुरातही या यादीत मध्यावर येईपर्यंत क्रियापद गळून पडलेलं असतं. सुरुवातीला भिंती 'आहेत', जमीन 'आहे', पलंग आणि खुर्च्या 'आहेत'. चादरीपाशी ते 'आहे' संपतं. पुढे नुसती वस्तू आणि तिचा रंग, वस्तू आणि तिचा रंग. वाक्यं आखूड होत होत एकेका पट्ट्याएवढी होतात. तो चित्रात जे करत होता तेच हे. सावल्या काढून टाकल्यात, जपानी छापचित्रांसारखे सपाट, मोकळे रंग लावलेत, असं याच पत्रात पुढे येतं. सावली काढून टाकली की एका रंगाला दुसऱ्या रंगाशी जोडणारा दुवा राहत नाही, रंग रंगाला थेट भिडतो. यादीतही जोडणारं क्रियापद गेलं आणि 'खिडकी हिरवी'शेजारी 'मेज नारिंगी' येऊन बसलं. त्याने हे ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. डोक्यात चित्र होतं, हात त्याच लयीत चालला. माझ्या दृष्टीने या पत्रातली सगळ्यात देखणी जागा ही आहे.

आता गोगँचं पत्र शेजारी ठेवू. खोली तीच. पण थिओला पलंग आणि खुर्च्या 'ताज्या लोण्यासारख्या पिवळ्या' सांगितल्या होत्या, त्या गोगँसाठी 'क्रोम यलो' होतात. क्रोम यलो हे रंगाच्या नळीवरचं नाव आहे. दुसरा चित्रकार ते वाचतो आणि त्याला नेमकी कुठली नळी पिळायची ते समजतं. पांघरूण थिओला लालभडक होतं, गोगँसाठी ते रक्ताच्या रंगाचं होतं. थिओला सांगितलेल्या साध्या लाल फरश्या गोगँच्या पत्रात 'मोडलेल्या, विटलेल्या लाल' होतात. रंग 'मोडणं', म्हणजे त्याचा टोकदारपणा दुसरा रंग मिसळून कमी करणं, ही पुन्हा चित्रकारांची भाषा. भावाला तो जपानी छापचित्रांची आठवण देतो, जी दोघांनी पॅरिसमध्ये मिळून जमवली होती. गोगँला तो जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराचं नाव घेऊन सांगतो की हा साधेपणा त्याच्या वळणाचा आहे, आणि वर लगोलग सांगतो की रंग सपाट असले तरी जाड थरांत, खडबडीत ब्रशने लावलेत. थिओला लिहिताना घरातला माणूस बोलतोय, गोगँला लिहिताना कारागीर कारागिराशी बोलतोय. आणि गोगँचा मान राखावा, त्याच्या नजरेत आपलं काम उतरावं, ही धडपडही त्या शब्दांत लपत नाही.

मला विचाराल तर लोण्याचा पिवळा अधिक खरा आहे. क्रोम यलो रंगाची जात सांगतो. ताज्या लोण्याचा पिवळा त्याचा मऊपणा, त्याचा फिकेपणा आणि घरात असल्याची भावना, तिन्ही एकदम सांगतो. ज्या चित्रातून विश्रांती सुचवायची, त्याच्या पलंगाला हा रंग शोभतो. थिओ बुसो-वालादों (पूर्वीची गूपिल) कंपनीत चित्रांचा व्यवहार पाहणारा माणूस होता, क्रोम यलो त्यालाही कळलाच असता. तरी व्हिन्सेंटने त्याला लोणी सांगितलं.

दोन पत्रांत आणखी एक फरक आहे. तो लहान दिसतो, पण त्यात एक अख्खा दिवस मावलेला असावा. थिओला व्हिन्सेंट लिहितो की चित्रात पांढरा रंग कुठेच नाही, म्हणून चौकट पांढरी करणार. गोगँला मात्र तो लिहितो की चित्रात एकच पांढरं आहे, काळ्या चौकटीच्या आरशातलं. आणि त्याचं कारणही देतो: परस्परपूरक, म्हणजे शेजारी ठेवले की एकमेकांना उठाव देणाऱ्या, रंगांची चौथी जोडीही त्यात बसवायची होती. लाल-हिरवा, पिवळा-जांभळा, निळा-नारिंगी या तीन जोड्या खोलीत आधीच होत्या, काळं-पांढरं राहिलं होतं. थिओचं पत्र चित्र चालू असतानाचं, 'उद्या दिवसभर पुन्हा यावर काम करेन' असं सांगणारं. गोगँचं त्यानंतरचं. माझा अंदाज असा की मधल्या कामात आरशाचा तो पांढरा ठिपका आला, किंवा निदान त्याचं महत्त्व तरी चित्रकाराला तेव्हा उमगलं. पत्रं अशी लागोपाठची आणि तपशिलाची नसती, तर चित्र पुढे सरकतानाची ही हालचाल आपल्याला कधीच दिसली नसती.

गोगँच्या पत्रात एक जागा आहे जिचा खोलीशी संबंध नाही, तरी ती सोडवत नाही. व्हिन्सेंट लिहितो की पॅरिसहून आर्लला येताना आगगाडीतून तो बाहेर बघत होता, जपान आलं की काय म्हणून! पोरकटपणाच नाही का, असं तो गोगँला विचारतो. पाहुणा त्याच वाटेने येणार आहे, आणि यजमान आधीच सांगून ठेवतोय की खिडकीतून काय बघायचं.

इथून पुढे या प्रकरणाला वेगळं वळण लागतं, आणि पत्राची किंमत खरी कळते. चित्र साधारण ७२ बाय ९१ सेंटिमीटरचं, आता ॲमस्टरडॅमलाच आहे. व्हिन्सेंट रुग्णालयात असताना घरात आलेल्या ओलीने ते खराब झालं. त्याला ते फार प्रिय होतं. आजारातून उठल्यावर आपली चित्रं पुन्हा पाहिली तेव्हा सगळ्यांत चांगलं हेच वाटलं, असं त्याने जानेवारी १८८९ मध्ये थिओला कळवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात, त्याने त्याची तेवढीच मोठी एक प्रत केली, जी आज शिकागोला आहे, आणि आई व बहिणीसाठी एक लहान प्रत केली, जी पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. २०१६ साली शिकागोत ही तिन्ही चित्रं एकत्र मांडली गेली.

पण ॲमस्टरडॅमच्या चित्रासमोर आज उभं राहिलं तर भिंती निळ्या दिसतात. दारंही निळी. पत्रात जांभळ्या भिंती आणि फिकट जांभळी दारं. कुणाला वाटेल की चित्रकाराने ऐनवेळी बेत बदलला. तसं नाही. जांभळा रंग निळ्यात लाल मिसळून होतो, आणि त्यात वापरलेला लाल उजेडात टिकणारा नव्हता. तो विरत गेला आणि मागे निळा उरला. जांभळ्याशेजारी पिवळा ठेवून साधलेली जोडीही त्यामुळे ढिली झाली. आज चित्र बघून शांतता वाटते, पण ती निळ्या भिंतींची, थोडी गार शांतता आहे. व्हिन्सेंटला अभिप्रेत होती ती अधिक उबदार. संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत रंगाचे कण तपासून हे सिद्ध झालं, पण काय शोधायचं ते पत्राने आधीच सांगून ठेवलं होतं. शाईने लिहिलेला जांभळा अजून जांभळाच आहे.

आणि व्हिन्सेंटला हा धोका माहीत होता. एप्रिल १८८८ मध्येच त्याने थिओला लिहिलं होतं की इम्प्रेशनिस्टांनी रूढ केलेले सगळे रंग अस्थिर आहेत, म्हणून ते जास्तच कच्चे, जास्तच ठळक वापरावेत, काळ त्यांना आपोआप मवाळ करेल. आपले रंग उडणार हे ठाऊक असलेल्या माणसाने भावाला त्या रंगांची नावं इतक्या नेमकेपणाने लिहून पाठवली, हे वाचताना ती यादी मला नुसती वर्णन म्हणून वाचता येत नाही. त्याने ती जतन करण्याच्या हेतूने लिहिली, असा दावा मी करणार नाही. ओलं तैलचित्र गुंडाळून पाठवता येत नाही, वाळायला बरेच दिवस लागतात, आणि पैसे पाठवणाऱ्या भावाला काम कुठवर आलं ते कळायला हवं. तातडीचा हेतू तो होता. जतन झालं ते थिओमुळे.

थिओ पत्रं ठेवायचा. व्हिन्सेंटने लिहिलेली सुमारे ८२० पत्रं आज हाती आहेत, त्यांतली साडेसहाशेच्या आसपास थिओच्या नावची. थिओने पाठवलेली मात्र चाळीसएकच उरली, कारण व्हिन्सेंट ठेवायचा नाही. जुलै १८९० मध्ये व्हिन्सेंट गेला, जानेवारी १८९१ मध्ये थिओ. मागे राहिली थिओची पत्नी योहाना, म्हणजे 'जो'. तान्ह्या मुलाला वाढवत तिने हा ढीग सांभाळला, वाचला, क्रम लावला, आणि १९१४ मध्ये तीन खंडांत छापून आणला. तिचं नाव या संदर्भात नेहमी ओझरतं घेतलं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं: आपण आज हे पत्र वाचतोय ते तिच्या तेवीस वर्षांच्या चिकाटीमुळे.

छापील पुस्तकात मजकूर राहतो. रेघ मारलेला शब्द तिरप्या टाइपात येतो, रेखाटन वेगळ्या पानावर जातं, त्याखाली क्रमांक आणि मापं येतात. वाचायला सोयीचं, यात शंका नाही. पण त्यात पलंगाच्या फळ्या आणि 'पलंग' हा शब्द एकाच शाईचे होते, हे हरवतं. २००९ मध्ये सगळ्या पत्रांची जी नवी आवृत्ती निघाली, ती सहा छापील खंडांसोबत इंटरनेटवरही मोफत आहे, आणि तिथे मूळ पानांची छायाचित्रं मजकुराशेजारी बघता येतात. फ्रेंच येत नसलं तरी बिघडत नाही. रंगांची नावं ओळखण्यापुरती चार अक्षरं शिकली की पान बोलायला लागतं.

वाचायचंच असेल तर माझी शिफारस अशी की आधी गोगँचं पत्र वाचावं आणि मग थिओचं. उलट क्रमाने वाचलं की गोगँचं पत्र नुसतं सुधारून वाढवलेली नक्कल वाटतं. आधी गोगँचं वाचलं, क्रोम यलो, रक्ताचा लाल, सरा, पूरक जोड्या हे सगळं डोक्यात घेतलं, की मग थिओच्या पत्रातलं लोणी वाचताना भाऊ भावाशी कसा बोलतो ते ऐकू येतं. त्याच पत्राच्या शेवटी, उद्या पहाटे कामाला लागायचंय म्हणून जास्त लिहीत नाही असं सांगून झाल्यावर, तो थिओला त्याच्या दुखण्याबद्दल विचारतो आणि कळवायला विसरू नकोस म्हणून बजावतो. पाठोपाठ एक आश्वासनही देतो: घरातल्या बाकीच्या खोल्यांचीही रेखाटनं तुला एक दिवस करून पाठवेन.